रिहला : माणसांच्या आधाराने झालेला प्रवास

इब्न बतूताचे नाव आपल्या समाजात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मदरशात शिकलेल्या मुलाला तो इस्लामी दुनियेचा थोर मुसाफिर म्हणून माहीत असतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्याला मुहम्मद तुघलकाच्या लहरींचा साक्षीदार म्हणून. जलशांतून आणि संमेलनांतून वक्ते त्याचा उल्लेख करतात तो बहुधा आकड्यांसाठी. १३२५ साली टँजियरहून निघाला तेव्हा वय अवघे २१. सुमारे १,१७,००० किलोमीटर फिरला. मार्को पोलोला किती तरी मागे टाकले. टाळ्या पडतात आणि विषय संपतो. इतिहासाचे अभ्यासक या पुस्तकाकडे वेगळ्या कामासाठी येतात. तुघलकाचा दरबार, डाकेची व्यवस्था, बंदरांवरचा व्यापार एवढे पुरावे काढून घेतले की त्यांचेही काम भागते. अभिमानाने बोलणाऱ्याला पुस्तक उघडावे लागत नाही आणि पुरावे शोधणाऱ्याला ते पूर्ण वाचावे लागत नाही. साहित्यकृती म्हणून 'रिहला' आपल्याकडे फारशी वाचली गेलेली नाही.

ती तशी वाचायला घेतली की एक गोष्ट प्रथम नजरेत भरते. या पुस्तकात रस्ते, डोंगर, नद्या यांची वर्णने त्या मानाने थोडी आहेत. भरून राहिली आहेत ती माणसे. अमक्या शहरी पोचलो, अमक्यांकडे उतरलो, त्यांनी अमुक खाऊ घातले, निघताना घोडा दिला, पुढच्या गावच्या अमक्यांना सलाम सांगायला सांगितले. हीच चाल शेकडो पानांत पुन्हा पुन्हा येते. घाईने वाचणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटेल. पण या पुस्तकाची बांधणीच तशी आहे. मुक्कामांची यादी ही वरची चौकट. आतून पुस्तक उभे आहे ते ओळखी, पाहुणचार आणि वर्षांनंतरच्या पुनर्भेटी यांवर. 'रिहला'चे मोठेपण कशात आणि उणेपण कशात, हे याच ठिकाणी तपासले पाहिजे, असे मला वाटते. आणि हे तपासताना आपण मराठी मुसलमान या पुस्तकात नेमके कोणत्या बाजूला उभे आहोत, हा प्रश्नही टाळता येत नाही.

नावांची यादी

पुस्तक कसे तयार झाले ते आधी पाहू. इब्न बतूताने ते स्वतः बसून लिहिलेले नाही. मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याच्या हुकमावरून त्याने आपली हकिकत सांगितली आणि ग्रानाडाचा साहित्यिक इब्न जुझय याने ती शब्दबद्ध केली. डिसेंबर १३५५ मध्ये काम पुरे झाले. इब्न जुझयने भाषेला नटवले, कविता घातल्या, आणि दमास्कस, मक्का यांच्या वर्णनांत आधीचा प्रवासी इब्न जुबैर याच्या ग्रंथातले उतारेही उचलले. बुल्गारपर्यंत गेल्याची हकिकत खरी नाही, यावर आज बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. चीनच्या भागाविषयीही शंका घेतल्या गेल्या आहेत. समुद्रात लुटारूंनी त्याला नागवले, त्यात टिपणेही गेली. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या कित्येक गोष्टी तो आठवून सांगतो आहे.

अशा वेळी स्मरणात काय उरते? याचे उत्तर पुस्तकातच सापडते. १३५० च्या सुमारास इब्न बतूता ग्रानाडाला गेला असता तिथल्या एका बागेत मंडळी जमली होती. तरुण इब्न जुझय त्या मैफलीत होता. तो नोंदवतो, की मुसाफिराने आपल्या सफरीच्या गोष्टी सांगितल्या आणि आपण त्याच्याकडून त्याला भेटलेल्या नामांकित लोकांची नावे उतरवून घेतली. सुलतानाचा हुकूम पुढे आला. त्याआधी या पुस्तकाचे बीज होते ते नावांच्या यादीत.

पुस्तकाच्या सुरुवातीलाही हेच दिसते. अलेक्झांड्रियात बुरहानुद्दीन नावाचे एक बुजुर्ग, पायाने अधू असलेले, या तरुणाला सांगतात की हिंदमध्ये माझे बंधू फरीदुद्दीन, सिंधमध्ये रुक्नुद्दीन आणि चीनमध्ये बुरहानुद्दीन आहेत. त्यांना माझा सलाम पोचव. तोवर त्या तरुणाच्या मनात हजच्या पलीकडचा प्रवास नव्हता. पुढे तिघेही भेटले आणि सलाम पोचवला, असे तो अभिमानाने सांगतो. 'बंधू' हा शब्द अर्थातच तरीकतमधला आहे. पण लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की त्याच्या हाती आलेला पहिला नकाशा तीन माणसांच्या नावांचा होता. कोणी सलाम सांगितला की तो अमानत म्हणून पोचवायचा, ही रीत आपल्या घरांतून आजही आहे. हजला जाणाऱ्याकडे गावातली म्हातारी माणसे सलाम देतात तो याच भावनेने. या रीतीवर एक सबंध ग्रंथ उभा राहिलेला पाहायचा असेल तर 'रिहला' वाचावी.

एकट्याची सोबत

घरून निघताना इब्न बतूता एकटा होता. पुढे ट्युनिसच्या वेशीवर जो प्रसंग घडला तो साधा आहे, पण सगळ्या पुस्तकाची किल्ली त्यात आहे. शहरातले लोक काफिल्याला सामोरे आले. ज्याला त्याला आपला माणूस भेटला, सलाम-दुआ झाली. या तरुणाला मात्र कोणीच सलाम केला नाही, कारण त्याला तिथे ओळखणारे कोणी नव्हते. त्याला रडू आवरेना. एका हाजीच्या ते लक्षात आले. तो जवळ आला, सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत बोलत सोबत राहिला. त्या हाजीचे नाव पुस्तकात नाही. पण यानंतरचा सारा प्रवास म्हणजे आपल्याला सलाम करणारे कोणी नाही अशी वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून चाललेली धडपड आहे असे वाटावे, इतका तो प्रसंग खोल उतरलेला दिसतो.

वर्षभराने, १३२६ च्या रमजानात तो दमास्कसला होता. मालिकी पंथाचे मुदर्रिस नूरुद्दीन सखावी यांनी त्याला इफ्तारसाठी रोज घरी यायला सांगितले. चार रात्री तो गेला आणि मग तापाने पडला. सखावींनी निरोप पाठवून त्याला बोलावून घेतले, सबबी ऐकल्या नाहीत, घर आपलेच समज म्हणाले, हकीम आणला, ईदपर्यंत ठेवून घेतले. मक्केला निघताना खर्चाला पैसे नव्हते, ती सोयही त्यांनी केली.

हे सगळे केवळ सज्जनपणामुळे घडत नव्हते. त्यामागे एक पक्की व्यवस्था होती. चौदाव्या शतकात मोरोक्कोपासून दिल्लीपर्यंत अरबी जाणणारा, फिक्ह शिकलेला मनुष्य कुठेही गेला तरी त्याला काम मिळे. वक्फाच्या उत्पन्नावर चालणारे मदरसे आणि खानकाहा त्याला उतरायला जागा देत. एका उस्तादाची इजाजत दुसऱ्या शहरात ओळखपत्रासारखी चाले. म्हणूनच ट्युनिसला रडणारा तरुण त्याच शहरातून निघाला तो काफिल्याचा काझी होऊन, आणि पुढे दिल्लीत तुघलकाने त्याला १२,००० दिनार वार्षिक वेतनावर काझी नेमले. ते पद सांभाळण्याइतकी फारसी त्याला येत नव्हती, तरीही.

मराठी वाचकाला याचे एक जवळचे उदाहरण आठवेल. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. त्यांचे 'माझा प्रवास' चि. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. तिथेही पायाखालचा रस्ता आहे तो आपल्या लोकांचा. वेदविद्या, दक्षिणा, यजमान, ओळखीचे आश्रित. दोघांच्या काळात पाचशे वर्षांचे अंतर आणि धर्म वेगळे, पण प्रवासाचे भांडवल एकाच जातीचे. ज्याच्यापाशी इल्म आहे आणि तो इल्म मानणारे लोक वाटेवर आहेत, त्याला परका मुलूख परका राहत नाही. तेव्हा 'इस्लामी बंधुतेचा चमत्कार' म्हणून 'रिहला' मिरवताना आपण थोडे सबुरीने घ्यावे. बंधुता होती, ती खरी होती; पण तिला दरवाजा होता, आणि तो सगळ्यांसाठी सारखा उघडत नव्हता.

पुन्हा भेटलेले

या व्यवस्थेतून मिळणारा पाहुणचार आणि खरी दोस्ती यांत फरक आहे. पाहुणचार पहिल्या भेटीतच होतो. दोस्ती कळते ती दुसऱ्या भेटीत. म्हणून 'रिहला'तली सर्वांत चांगली पाने मला परतीच्या वाटेवर सापडतात. आठवावर जगणारा मुसाफिर तिथे वीस-बावीस वर्षांपूर्वीचे दरवाजे पुन्हा ठोठावतो.

हिजरी ७४८, म्हणजे १३४७ साल. हिंदुस्थानातून परतताना तो हुर्मुझला पोचला. तिथून शिराझ ३५ दिवसांच्या वाटेवर. तिथे काझी मज्दुद्दीन इस्माईल राहत होते, ज्यांना तो वीस वर्षांपूर्वी भेटला होता. केवळ त्यांना भेटण्यासाठी तो गेला. काझीसाहेब आता थकले होते, हालचाल होत नव्हती. तरी त्यांनी ओळखले, उठले आणि मिठी मारली. मिठीत त्याचा हात त्यांच्या कोपरावर पडला आणि त्याला जाणवले की मध्ये मांस नाही, कातडी हाडाला चिकटली आहे. मज्दुद्दीन यांच्या करामतीविषयी याच पुस्तकात एक लांबलचक कथा आहे; इलखानी बादशहाने त्यांच्यावर सोडलेले कुत्रे शेपटी हलवत पायाशी बसले, अशी. ती आपण वाचतो आणि विसरतो. ते कोपर विसरता येत नाही. इथे पुस्तक सांगणारा विद्वान दिसत नाही आणि पुस्तक सजवणारा इब्न जुझयही दिसत नाही. ही आठवण बोटांची आहे.

दुसरी भेट दमास्कसची, १३४८ साली. बावीस वर्षांपूर्वी त्या शहरात त्याने लग्न केले होते आणि गरोदर बायकोला मागे ठेवून तो निघून गेला होता. मुलगा झाल्याचे त्याला हिंदुस्थानात कळले, तेव्हा मुलाच्या आजोबांकडे त्याने ४० सुवर्ण दिनार पाठवले. आता तो जामा मशिदीत गेला. योगायोगाने समोर नूरुद्दीन सखावीच भेटले, तेच ज्यांनी तापात त्याला घरी ठेवून घेतले होते. त्याने सलाम केला. सखावींनी त्याला ओळखले नाही. त्याने आपली ओळख सांगितली आणि मुलाची चौकशी केली. उत्तर मिळाले की मुलाला जाऊन बारा वर्षे झाली. त्याच शहरात टँजियरचे एक शेख भेटले. त्यांच्याकडून कळले की वडील पंधरा वर्षांपूर्वी वारले, आई हयात आहे. पण तो मोरोक्कोत पोचला तेव्हा आईही काळ्या मृत्यूच्या साथीत गेली होती. टँजियरला जाऊन त्याला तिच्या कबरीचीच जियारत करावी लागली.

हा मजकूर पुस्तकात इतक्या थोडक्यात येतो की वाचणारा चमकतो. सुलतानाच्या मेजवानीला पाने दिली आहेत. मुलाच्या मृत्यूला दोन वाक्ये. काही टीकाकारांना इथे निष्ठुरपणा दिसेल. मला वाटते, मुलाच्या मृत्यूची बातमी कोणाच्या तोंडून आली, हे सांगण्यातच त्याने सगळे सांगितले आहे. ज्या माणसाने एकेकाळी घर आपले समज म्हटले होते तोच आता ओळखत नाही, आणि ओळख पटल्यावर पहिली बातमी देतो ती ही. भटक्या आयुष्याची किंमत किती, हे या एका भेटीने वाचकाला कळते. लेखक स्वतः हिशेब मांडत बसत नाही. मांडला असता तर परिणाम उणावला असता.

तिसरी भेट चीनमधल्या कंजनफू शहरातली. एक प्रतिष्ठित मुस्लिम विद्वान नावेतून येतात. दोघे एकमेकांकडे टक लावून पाहतात. गाव विचारले जाते. एक सब्त्याचा, दुसरा टँजियरचा. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीकाठची ही दोन शेजारची गावे. दोघेही रडतात. मग उलगडते की हाच तो बुश्री, जो मामाबरोबर कोवळ्या वयात दिल्लीला आला होता, ज्याला 'मुवत्ता' पाठ होती, आणि तुघलकाने राहण्याचा आग्रह केला असतानाही जो चीनकडे निघून गेला. पुढे १३५२ च्या सुमारास, सहारा ओलांडण्याआधी, इब्न बतूता सिजिलमासा येथे एका फकीहच्या घरी उतरला, तर ते या बुश्रीचेच भाऊ निघाले. दोन भावांमधल्या अंतराचे त्याला स्वतःलाही नवल वाटले आहे. चीनचा प्रवास संशयास्पद म्हणणाऱ्यांना ही भेट रचलेली वाटू शकते. वाटो. पण ती रचली असेल तर तिचा आकार काय सांगतो? एखाद्या मुसाफिराला दुनियेच्या टोकाला सर्वांत मोठे आश्चर्य म्हणून काय दाखवावेसे वाटले? शेजारच्या गावचा माणूस.

ज्यांची नावे नाहीत

आता दुसरी बाजू. नावांच्या यादीतून निर्माण झालेल्या पुस्तकाला, ज्यांची नावे नाहीत त्यांच्याबद्दल विचारलेच पाहिजे.

अंताल्या शहरातला प्रसंग घ्या. जुने कपडे घातलेला, डोक्याला नमद्याची टोपी असलेला एक मनुष्य येतो आणि तुर्की भाषेत काही म्हणतो. इब्न बतूताला तुर्की कळत नाही. मदरशातले शेख शिहाबुद्दीन हमवी सांगतात की हा तुम्हाला सोबत्यांसह जेवायला बोलावतो आहे. मुसाफिराला नवल वाटते: हा गरीब, याच्यावर भार कशाला? शेख हसतात. हा मनुष्य मोची आहे आणि 'अखी' संघटनेचा म्होरक्या. वेगवेगळ्या धंद्यांतल्या सुमारे २०० कारागिरांनी त्याला पुढारी निवडले आहे. दिवसभर कमवायचे आणि रात्री आलेल्या मुसाफिरांवर खर्चायचे, हा त्यांचा नेम. इब्न बतूताने अखींची तोंड भरून तारीफ केली आहे. असे लोक दुनियेत कुठे पाहिले नाहीत, असा त्याचा सूर आहे. पण दुभाषाचे काम करणाऱ्या शेखचे नाव पुस्तकात आले, आणि जेवू घालणाऱ्या मोच्याचे आले नाही. इथे यजमानही मुसलमान आणि पाहुणाही. तेव्हा नाव गळण्याचे कारण धर्म नव्हे. कारागिराचे नाव लिहून ठेवण्याजोगे असते, हेच त्या दुनियेच्या ध्यानात नव्हते.

कोल, म्हणजे आजचे अलीगढ, इथला प्रसंग याहून बोलका आहे. १३४२ साली तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघालेला इब्न बतूता तिथे बंडखोर हिंदूंच्या हाती सापडला. त्याला मारायचे ठरले होते. त्यांच्यातल्या एका देखण्या तरुणाने विचारले, सोडू का? आणि सोडले. मुसाफिराने आपला अंगरखा त्याला दिला, त्याने आपले जुने पांघरूण दिले आणि वाट दाखवली. त्यानंतर कित्येक दिवस भुकेतहानेने भटकल्यावर एक सावळा मनुष्य भेटला. त्याने सलाम केला, पाणी दिले आणि चालवेना तेव्हा पाठीवर घेतले. आपले नाव त्याने आनंदी हृदयाचा अशा अर्थाचे सांगितले. शुद्धीवर आल्यावर इब्न बतूताला आठवले, की मिसरमधल्या शेख मुर्शिदींनी वर्षांपूर्वी सांगितले होते: हिंदमध्ये माझा भाऊ दिलशाद तुला संकटातून सोडवील. तोच हा.

दोघांनी जीव वाचवला. एकाला नाव आहे, भविष्यवाणीत जागा आहे, बुजुर्गांच्या साखळीत नाते आहे. दुसऱ्याचे फक्त रूप आणि जुने पांघरूण. खरे पाहता मोठे धाडस त्या तरुणाचे होते. आपल्या लोकांच्या मर्जीविरुद्ध त्याने शत्रूच्या वकिलाला सोडले. पण त्याला ठेवायला इब्न बतूताच्या मनात कप्पा नव्हता. एवढे मात्र म्हणायला हवे की त्याने तो प्रसंग गाळला नाही. पांघरुणाची अदलाबदलसुद्धा सांगितली. म्हणून आज आपण त्या तरुणाविषयी बोलू शकतो.

स्त्रियांचेही असेच. दमास्कसमध्ये ज्यांच्याकडून हदीसची इजाजत मिळाली त्यांत झैनब बिन्त अहमद आणि आयशा बिन्त मुहम्मद या दोन विदुषींची नावे तो आदराने देतो. त्याच शहरात केलेल्या बायकोचे नाव मात्र देत नाही. दिल्लीतल्या हूरनसब या पत्नीचे नाव येते, तिच्या रात्रीच्या इबादतीचा उल्लेख येतो. पण तिचे आणि मुलीचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक नाही, असे सांगून तो पुढे जातो. गुलाम स्त्रियांविषयी तर बोलायलाच नको. कालिकतच्या वादळात तो जुम्मासाठी किनाऱ्यावर राहिला म्हणून वाचला. त्याच्या दासी दुसऱ्या जहाजातून निघून गेल्या. त्यांतली एक गरोदर होती. ती वारल्याचे त्याला पुढे कळले. त्याला तिची काळजी होती असे तो म्हणतो. नाव सांगत नाही. बुश्रीने चीनमध्ये दोस्तीची भेट म्हणून काय दिले? दोन गुलाम आणि दोन दासी. वतनच्या आठवणीने रडणारे दोन दोस्त आणि भेट म्हणून दिली जाणारी चार माणसे एकाच पानावर आहेत. त्या चौघांनाही कुठे तरी वतन असेल, हे त्या दोघांना सुचले नाही. आजच्या मुस्लिम वाचकाने हे पान उलटून पुढे जाऊ नये.

माणूस मात्र एकरंगी नाही. बिर्गीच्या दरबारात एक यहुदी हकीम कुराण पढणाऱ्यांच्या वर बसला, म्हणून इब्न बतूताने त्याला भर सभेत अपमानकारक बोल सुनावले. हाच मनुष्य १३४८ च्या साथीत दमास्कसला होता. मुसलमान कुराण घेऊन, यहुदी तौरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन एकत्र पायी चालले आणि रडत दुआ मागत राहिले, हे दृश्य त्याने मनापासून नोंदवले. कोणत्या इब्न बतूताला आपण आपला म्हणणार, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण दोघेही एकाच पुस्तकात आहेत, हे झाकू नये.

आपला मुलूख

वकिलीच्या याच प्रवासात, १३४२ साली, तो उज्जैनहून दौलताबादला आणि तिथून नंदुरबारला आला. आपल्या भागावरची पाने थोडी आहेत, पण आपल्या दृष्टीने मोलाची. देवगिरीचा किल्ला, तिथल्या कैदखान्यातले मांजराहून मोठे उंदीर, वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे-डाळिंबे, जवाहिरांचे व्यापारी. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक सबंध बाजार तो वर्णितो. त्या बाजारात मशिदी होत्या आणि रमजानात तिथे तरावीह पढली जाई. हिंदू राजा तिथे गाणे ऐकायला थांबे, आणि पुढे मुसलमान सुलतानही थांबे, असे तो लिहितो. गाणे आणि नमाज एका बाजारात नांदत होती, याची ही साक्ष आज मुद्दाम वाचण्याजोगी आहे.

मराठी लोकांविषयी तो काय म्हणतो? दौलताबादच्या स्त्रियांच्या नाकाची आणि भुवयांची तारीफ करतो, आणि पुढे असे काही लिहितो की आपल्या आजी-पणजीविषयी कोणा पाहुण्याने तसे लिहिलेले आपल्याला खपणार नाही. नंदुरबारचे मराठे कसबी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी असल्याचे सांगतो. भात, भाजी आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार, जिवाला दुखवणे त्यांना आवडत नाही, जेवण्याआधी अंघोळ करतात, नात्यात लग्न करत नाहीत. निरीक्षण बारीक आहे, तुच्छता नाही. पण यातल्या एकाही कारागिराचे, एकाही वैद्याचे नाव नाही. किनाऱ्यावरच्या गंधारचा हिंदू राजा जालनसी याने राहायला आपला वाडा दिला, तर त्याचे नाव आले. म्हणजे इथेही अंताल्याचाच नियम. राजाला नाव मिळाले, कसब्याला जात मिळाली.

आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज त्या वेळी कोण होते? अरबस्तानातून आलेले सय्यद, काझी काही थोडे. बहुतेकांचे पूर्वज इथले: विणकर, पिंजारी, कसाई, शेतकरी, दर्यावर्दी. नंदुरबारच्या त्या बिननावाच्या कारागिरांत आपले कोणी असण्याची शक्यता, इब्न बतूताच्या पंगतीला बसलेल्या उलेमांत असण्यापेक्षा अधिक आहे. 'आपला इब्न बतूता' म्हणताना आपण केवळ पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहतो. आपण पाहिले गेलेलेही आहोत, हे विसरतो.

याच किनाऱ्यावर पुढे होन्नावर लागते. तिथल्या सुलतान जमालुद्दीनकडे तो राहिला आणि त्याच्याबरोबर गोव्यावरच्या स्वारीतही गेला. ती स्वारी तो पुण्यकर्म म्हणून सांगतो. आज ते अभिमानाने सांगण्याचे कारण नाही. पण होन्नावरच्या मुसलमानांविषयी तो जे लिहितो ते महत्त्वाचे आहे. शहरात मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा. स्त्रियांना कुराण मुखोद्गत. आणि त्यांचा पेहराव म्हणजे न शिवलेले वस्त्र, एक टोक कमरेला गुंडाळलेले, बाकीचे डोक्या-खांद्यावरून घेतलेले. नाकात सोन्याची नथ. लोक शाफई. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान आणि भटकळचे नवायत यांचा मसलकही हाच. सातशे वर्षांपूर्वीच्या या स्त्रिया हाफिजा होत्या आणि साडी नेसत होत्या, नथ घालत होत्या. आपल्या स्त्रियांनी काय घालावे यावर आज जे दोन्हीकडून बोलतात त्यांना, आणि मुलींना शाळेत धाडणे ही अलीकडची गोष्ट समजणाऱ्यांना, हे एक पान पुरेसे आहे. विशेष म्हणजे मोरोक्कोच्या या काझीला त्या पेहरावात काही वावगे दिसले नाही. मालदीवच्या स्त्रियांच्या उघड्या अंगाबद्दल त्याने तक्रार केली. इथे मात्र तारीफच केली.

कसे वाचावे

'रिहला' समग्र वाचायची तर आपल्याला इंग्रजीवरच भिस्त ठेवावी लागते. गिब यांनी सुरू केलेले आणि बेकिंगहॅम यांनी १९९४ साली पुरे केलेले भाषांतर, आणि हिंदुस्थान-मालदीवच्या भागासाठी महदी हुसैन यांनी १९५३ साली बडोद्याहून प्रसिद्ध केलेले. दौलताबाद, नंदुरबार, गोवा आणि होन्नावरची पाने तरी कोणी अरबी जाणणाऱ्याने थेट मराठीत, टिपांसह आणावीत. काम शंभर पानांच्या आतले आहे आणि ते आपल्यापैकीच कोणी केले पाहिजे.

इब्न खल्दूनने लिहिले आहे, की हा मुसाफिर परतल्यावर लोक त्याच्या गोष्टींवर विश्वास ठेवीनात. तेव्हा फारिस नावाच्या वजिराने इब्न खल्दूनला समजावले: जे आपण पाहिले नाही ते नाकारू नये. कैदेत वाढलेल्या मुलाला मेंढी सांगितली तर तो उंदरासारखी काही तरी समजणार, कारण त्याने उंदीरच पाहिलेले असतात. हा उपदेश इब्न बतूतालाही लागू पडतो. ज्या वर्तुळात तो वाढला त्यातल्या माणसांना त्याने जिवापाड जपले, त्यांच्या कोपरातली हाडेसुद्धा आठवणीत ठेवली. वर्तुळाबाहेरच्यांना पाहिले, पण ओळखले नाही. प्रवासवर्णन म्हणून 'रिहला' थोर आहे आणि दोस्तीचे पुस्तक म्हणून अर्धी आहे. तिच्यातले थोरपण आपण पुष्कळ मिरवले. आता कोलच्या तरुणाविषयी, अंताल्याच्या मोच्याविषयी आणि नंदुरबारच्या वैद्याविषयी बोलायला हवे. मुस्लिम मराठी साहित्याने गेल्या काही दशकांत जे लिहिले आहे त्यात अशाच माणसांना नावे मिळाली आहेत. त्यामुळे या जुन्या ग्रंथातली मोकळी जागा कुठे आहे, हे आपल्या वाचकाला इतरांपेक्षा लवकर दिसावे, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.